टीव्ही बंद करायचं काम तेव्हा दूरदर्शन करायचं

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर चुलतदादाने एक मेसेज ढकलला. दोन दिवसांत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग बालवाडीच्या पालकांच्या. तुमच्याकडेही आला असेल. मजकूर साधारण असा: हल्लीच्या आयांना कामं उरकायची असतात म्हणून त्या पोरांना टीव्हीपुढे बसवतात. आमच्या लहानपणी हे वेड नव्हतं, मुलं अंगणात खेळायची. टीव्हीने मेंदू सडतो, चष्मा लागतो. फक्त २१ दिवस टीव्ही पूर्ण बंद ठेवा, मूल आपोआप वेळेवर जेवेल आणि वेळेवर झोपेल. खाली जोडलेले हात, तीन वेळा.

आमची लेक सव्वाचार वर्षांची आहे आणि या मेसेजच्या आधीच आम्ही यातलं बरंच करून, फसून बसलो आहोत. म्हणून एकेक घेतो.

‘हल्लीच्या आया.’ आमच्या घरी संध्याकाळी सहाला मी असतो. बायको डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. कुकर मी लावतो, कणीक मी मळतो आणि रिमोटही मीच हातात देतो. तेव्हा बोलणी खायची तर मी खातो. पुढचा मुद्दा.

‘आमच्या लहानपणी हे वेड नव्हतं.’ हा मेसेजचा सगळ्यात लाडका भाग, आणि सगळ्यात खोटाही. दादा सेहेचाळीस वर्षांचा आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे ते दादापेक्षा मोठं आहे. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता आणि रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत बसायचा, हे त्याच्याच तोंडून ऐकलंय. वेड होतंच. फरक इतकाच की ते संपायचं. मुलांचा कार्यक्रम संपला की शेतीविषयक काहीतरी लागायचं आणि पोरं उठून जायची. रात्री प्रक्षेपण थांबलं की पडद्यावर मुंग्या. टीव्ही बंद करायचं काम दूरदर्शन करायचं, आईने फक्त बटण दाबायचं. तिच्याशी भांडून उपयोग नव्हता, कारण पलीकडे काही उरलेलंच नसायचं.

आता एक भाग संपला की कोपऱ्यात आकडे उलटे पळतात, पाच, चार, तीन, आणि दुसरा सुरू. संपवणारं कोणी नाही. म्हणून संपवणारा मी, म्हणजेच खलनायक मी. मी आधी काय करायचो सांगतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ओट्यावरून ओरडायचो, ‘दोन मिनिटांत बंद हं!’ मग पिठाचे हात घेऊन यायचो आणि मध्येच, म्हणजे उंदीर नेमका मांजरीच्या तावडीत सापडलेला असताना, टीव्ही बंद करायचो. लेक दिवाणावरून घसरत फरशीवर, तिथून टाचा आपटत सोफ्याखाली. पोळ्या अर्ध्या तासाने.

नंतर वाचनात आलं की वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अलेक्सिस हिनिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. पाच वर्षांच्या आतली मुलं असलेल्या घरांत टीव्ही-टॅब्लेट कसा बंद होतो, याच्या नोंदी त्यांनी पालकांकडून घेतल्या. ‘दोन मिनिटं उरली’ अशी सूचना दिली की मुलं जास्त चिडत होती. भाग आपणहून संपला, किंवा बंद करणं रोजच्या क्रमातच असलं, तर कमी. मी त्या दिवशी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले काढून टाकला. आता दोन भाग ठरलेले. दुसऱ्याचं शेवटचं गाणं संपलं की पडदा तसाच उभा राहतो आणि लाल बटण लेक स्वतः दाबते. रिमोटच्या मागचं झाकण केव्हाच हरवलंय, चिकटपट्टीवर सेल टिकून आहेत, म्हणून ती ते दोन्ही हातांनी, जपून दाबते. लगेच तिला काम लागतं: मटार सोलणे, नाहीतर बटाटे मोजून टोपलीत टाकणे. हे काम आधीपासून काढून ठेवलेलं नसलं तर सगळं मुसळ केरात. हे मी दोनदा अनुभवलं. मटार निम्मे तोंडात जातात, जाऊ देत.

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवतं? २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. टीव्ही आणि मोबाईल बाजूला, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. गावाने टीव्ही फोडले नाहीत, २१ दिवसांचं व्रतही घेतलं नाही. दीड तास ठरवला, आणि तो संपवायचं भांडण आईच्या गळ्यातून काढून भोंग्याच्या गळ्यात बांधलं. माझ्या मते खरी हुशारी तीच.

‘मेंदू सडतो.’ सडत वगैरे काही नाही. पण ‘काही होत नाही’ असंही मी म्हणणार नाही. वय पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको. कमी असेल तर बरंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळपास तेच सांगते. दोनच्या आतल्या मुलांपुरता तो मेसेज बराचसा बरोबर आहे, हे कबूल. ‘कार्टूनमुळे भाषा येते’ म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, तेच पडद्यावरून दिलं तेव्हा काही शिकली नाहीत. सव्वाचार वर्षांची मात्र शिकते. आमची ‘आई, चलो ना, मुझे भूक लगी है’ म्हणते, आणि कुठून शिकली ते विचारायची गरज नाही.

पण मेसेजवाल्यांची नजर फक्त कार्टूनवर असते. आमच्या घरात टीव्ही जास्त वेळ चालायचा तो आजीच्या मालिकांसाठी, आणि आम्ही समाधानी, की पोर कुठे बघतेय, ती तर ठोकळे रचतेय. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळायला सोडलं आणि बाजूला मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं टीव्हीकडे फारशी बघत नव्हती, तरीही त्यांचा खेळ तुटक झाला; एका खेळावर ती कमी वेळ टिकली. म्हणजे आजीची सासू-सूनही या हिशेबात धरायला हवी. हे आईला सांगताना माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. शेवटी तडजोड अशी निघाली की सातची मालिका ती रात्री साडेनऊला, नात झोपायला गेली की, मोबाईलवर कानात बोंडं घालून बघते. ‘जाहिराती कमी असतात,’ असं आता तीच सांगते.

‘चष्मा लागतो.’ पोर टीव्हीला नाक लावून बसत असेल तर ओरडण्याआधी डोळे तपासून घ्या. लांबचं दिसत नाही म्हणूनच जवळ जात असेल. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला लावली. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. तिथे टीव्हीला कोणी हात लावला नव्हता. पोराला खाली न्या, एवढंच.

‘फक्त २१ दिवस.’ हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातला ‘किमान’ गळाला आणि आकडा जगभर फिरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी २००९ मध्ये ९६ जणांवर पाहिलं तेव्हा नवी सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. तीही मोठी माणसं, स्वतः निवडलेल्या सवयीसाठी. आमचं व्रत नवव्या दिवशी मोडलं. पाहुणे आले, त्यांना क्रिकेट बघायचं होतं.

‘आपोआप जेवेल, आपोआप झोपेल.’ जेवताना टीव्ही नको, इथे मी दादाच्या बाजूने. टीव्हीपुढे पोर तोंड उघडतं ते भुकेने नाही, सवयीने. पोट भरलंय हे त्यालाही कळत नाही आणि भरवणाऱ्यालाही. पण टीव्ही बंद केल्यावर आमची पहिले चार दिवस पाव पोळीवर उठली, आणि आजीचं ‘पोर उपाशी झोपलं’ सुरू झालं. पाचव्या दिवशी लक्षात आलं की संध्याकाळी सहाला पेलाभर दूध आणि चार बिस्किटं आम्हीच देतोय. ते साडेचारवर नेलं. भूक परत आली.

झोपेचंही तसंच. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. त्या नऊ दिवसांत टीव्ही बंद होता, तरी ती साडेदहालाच झोपत होती. कारण आई साडेआठला येते, आणि दिवसभर न दिसलेल्या आईला सोडून कोण झोपेल? आता जेवण आई यायच्या आधी होतं, आई आली की अर्धा तास दोघींचा, मग गोष्ट, साडेनऊला दिवा बंद. टीव्हीचा यात संबंधच नव्हता.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. दादाला फक्त विचारलं, आजोबांच्या घरी टीव्ही कधी आला? तासाभराने उत्तर आलं: ‘सत्याऐंशीत, दिवाळीला. लाकडी शटरचा होता. तुझे आजोबा आठला शटर ओढून कुलूप घालायचे, आणि किल्ली जानव्याला.’