बाबासाहेबांचा कामगारांशी संबंध नव्हता म्हणे!

परवा अण्णांनी फोन माझ्या हातात दिला, म्हणाले हे वाच जरा. फॉरवर्ड होता. आंबेडकर नुसते बॅरिस्टर, कामगारांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, इंग्रजांनी खुश होऊन मजूरमंत्री केलं, चार वर्षांत एक कायदा केला नाही, आठ तासांची ड्युटी ही तर थापच. अण्णांचं आयुष्य कापड गिरणीच्या साचाखात्यात गेलं आणि हे पाठवणारा त्यांच्याच पाळीतला जोडीदार, म्हणून जास्त लागलं.

काडीचा संबंध नव्हता? अहो, १९३६ ला पक्ष काढला त्याचं नावच स्वतंत्र मजूर पक्ष! १९३८ ला मुंबई प्रांतात खेरांच्या सरकारने औद्योगिक कलहाचं बिल आणलं, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या न चढता संप केला की तो बेकायदा. बाबासाहेबांनी असेंब्लीत ते बिल कलमाकलमाने फोडलं, बॅरिस्टर होते म्हणूनच तर फोडता आलं, आणि संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे हे ठणकावून सांगितलं. तेवढ्यावर थांबले नाहीत, ज्या कम्युनिस्टांशी कधी पटलं नाही त्यांच्याच डांग्यांबरोबर ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप केला. बिल पास झालंच, पण संबंध नसलेला माणूस असलं कशाला अंगावर घेईल?

व्हाइसरॉयने नेमलं, हे खरं. १९४२ ते ४६, निवडून आलेले नव्हते. आणि युद्धात, १९४३ ला, बायकांना कोळशाच्या खाणीत उतरवायची बंदी उठवली तेव्हा सरकारची बाजू त्यांनीच मांडली, ते मला आजही पटत नाही. १९४६ ला ती बंदी परत लागली.

आता आठ तास. चौदाचे आठ केले असं आपलेही लोक फिरवतात, ते बरोबर नाही. १९३४ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास होते. बाबासाहेबांनी मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ४८ झाले. सहा दिवसांनी भागा. महाराष्ट्र सरकारने छापलेल्या त्यांच्या भाषणांचा दहावा खंड अख्खा याच चार वर्षांचा आहे, एक कायदा नाही म्हणणाऱ्याने तो उघडून तरी बघावा. कोळसा खाणकामगारांचा वेल्फेअर फंडही याच काळातला.

आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आजारपणाचा विमा? १९४३ ला, बाबासाहेब मजूर खातं सांभाळत असताना, प्रा. आडारकरांना कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना करायला बसवलं, पुढच्या वर्षी रिपोर्ट आला, त्यावरच १९४८ चा कायदा उभा राहिला.

हे सांगितलं तर अण्णा उठले, ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीतलं ईएसआयचं कार्ड काढलं. कोपरे झिजलेत, आईचं नाव शाईने लिहिलेलं, तिचं ऑपरेशन याच कार्डावर झालं. मला म्हणाले फोटो काढ आणि पाठव त्याला, त्याच्याकडे पण आहे हे.