चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणं बंद करा आता

डोकं फिरलंय माझं खरंच. घसा खवखवला की मेडिकलवर जायचं, "दादा ते तीन दिवसांचं द्या", आणि तोही चिठ्ठी न मागता पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून देतो. दोनच! पट्टीवरची ती लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका ही खूण, बघतं का कोणी? 2014 पासून शेड्यूल एच-1 आहे, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांची सरकारी यादी, त्यातलं सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक दिलं की दुकानदाराने रजिस्टरमध्ये पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहायचं, तीन वर्षं जपायचं. कुठेय ते रजिस्टर?

अरे सर्दी, फ्लू, डेंग्यू व्हायरसने होतात, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही! शेजारच्या काकू उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतात आणि नातवाला अर्धी मोडून देतात, बहीण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते कुठली घेऊ, आणि काही डॉक्टर पण पेशंट दुसरीकडे जाईल म्हणून लिहून मोकळे. कशाला?

असं उगाच, अर्धवट घेत राहिलं की जंतू औषधाला सरावतात आणि मग ते औषध चालतच नाही. मुंबईत तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा टीबी सापडल्याची बातमी 2012 साली आली होती, विसरलो आपण? कोलिस्टिन, म्हणजे आयसीयूत बाकी सगळं हरल्यावर काढतात ते औषध, कोंबड्यांच्या खाद्यात घालत होते हो, वजन वाढावं म्हणून! बंदी यायला 2019 उजाडलं. उद्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाला इन्फेक्शन झालं आणि एकही इंजेक्शन लागू पडलं नाही तर त्या आईने कुणाला जाब विचारायचा? एफडीएवाल्यांनो, म्हणजे अन्न व औषध प्रशासनवाल्यांनो, दुकानात जा आणि रजिस्टर उघडायला लावा, आजच.