माचू पिच्चू कोणी बांधलं? तिथल्या कपच्यांना विचारा

दर काही महिन्यांनी तोच मजकूर नव्या फोटोंसह फिरू लागतो. पेरूमधलं माचू पिच्चू इंकांनी बांधलेलंच नाही म्हणे. लोखंड नाही, चाक नाही, मग शंभर टनी दगड डोंगरावर चढले कसे आणि ब्लेडचं पातं शिरणार नाही असे सांधे जमले कसे? तेव्हा शहर दहा हजार वर्षांपूर्वीच्या कुणा प्रगत लोकांचं. इंका नंतर येऊन राहिले. शेवटी तळटीप: १९११ मध्ये अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम पोहोचेपर्यंत ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

‘शंभर टनी दगड, पातं न शिरणारे सांधे’

आधी सोबतचे फोटो तपासा. त्यांतला बारा कोनांचा दगड इंकांची राजधानी कुस्कोतल्या एका गल्लीत आहे आणि शंभर टनांवरचे दगड कुस्कोलगतच्या साक्सायवामान गडाच्या तटात. माचू पिच्चूत सुमारे दोनशे बांधकामं आहेत आणि त्यांतली बहुतेक ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात बसवून उभारलेली आहेत. बिनगाऱ्याची रेखीव घडाई मोजक्याच जागी दिसते: सूर्यमंदिराची वळणदार भिंत, मुख्य मंदिर, तीन खिडक्यांचं मंदिर, राजनिवास. तिथेही उभी दरज बऱ्याचदा दर्शनी बाजूने काही सेंटिमीटरच जुळवलेली असते, मागे भरण. आडवी बैठक मात्र पूर्ण जुळवलेली, कारण भार तिच्यावर येतो.

‘लोखंडाशिवाय कठीण दगड घडवता येत नाही’

येतो. कापून नाही, ठेचून. वास्तुअभ्यासक ज्याँ-पिएर प्रोत्सेन यांनी इंकांच्या जुन्या खाणीतल्या अँडेसाइटवर, म्हणजे ज्वालामुखीच्या टणक खडकावर, हे करून पाहिलं. सुमारे ४ किलोचा टणक गोटा दोन्ही हातांत सैल धरायचा आणि दगडावर पडू द्यायचा. तो आपोआप उसळतो, त्यामुळे उचलायला फारशी ताकद लागत नाही. पृष्ठभागाची बारीक भुकटी होत जाते. कडेजवळ मात्र हा गोटा चालत नाही, तुकडाच उडतो. तिथे अर्ध्या किलोच्या आसपासचा छोटा गोटा घ्यायचा आणि घाव तिरका, कडेपासून बाहेरच्या दिशेने मारायचा. साधारण २५ × २५ × ३० सेंटिमीटरच्या दगडाच्या तीन बाजू आणि पाच कडा अशा रीतीने दीड तासात झाल्या. मोठा गोटा मोठे खळगे पाडतो आणि छोटा छोटे, म्हणून चिऱ्याच्या मधोमध ठसठशीत खळगे आणि कडेला बारीक. इंकांच्या भिंतींवर नेमकी हीच खूण आहे. यंत्राने कापलेल्या दगडावर ती कशाला असेल?

जुळणीचंही तसंच. वरच्या चिऱ्याची खालची बाजू आधी घडवायची, मग तिच्या आकाराची बैठक खालच्या थरात कोरायची. चिरा टेकवून उचलला की जिथे भुकटी दाबली गेली तिथे अजून दगड काढायचा आहे, हे कळतं. काम चिकट आहे, पण जादू त्यात नाही.

‘चाक नव्हतं, मग वाहतूक?’

खाण शहराच्या आतच आहे, मंदिरांच्या चौकाला लागून. अर्धवट घडवलेले दगड आजही तिथे पडून आहेत. याच डोंगराखाली भूगर्भातले भ्रंश, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगा, एकमेकांना छेदतात, त्यामुळे ग्रॅनाइट मुळातच फुटलेला आणि बऱ्याच अंशी आयता मिळाला. आणि एवढ्या उतारावर चाक घेऊन करणार काय?

‘शहर दहा हजार वर्षांचं; इंका नंतर आले’

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन (अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्याच्या) अभ्यासात इथल्या दफनांतल्या २६ व्यक्तींचे अवशेष तपासले गेले. वस्तीचा काळ निघाला साधारण १४२० ते १५३०. त्यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: हाडं राहणाऱ्यांची, भिंती कुणाच्या? उत्तर जमिनीखाली आहे.

इथे वर्षाला सुमारे १,९४० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा थोडाच कमी. तो मुरवला नाही तर शहर नदीत उतरेल. खाली साडेचारशे मीटरवर उरुबांबा वाहते. म्हणून टप्प्याटप्प्याच्या शेतात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळूमिश्रित थर आणि सगळ्यात वर सुपीक माती, अशी भर आहे. भिंतींतून पाणी काढायला सुमारे १३० मोऱ्या आहेत. जलअभियंता केनेथ राइट यांच्या अंदाजाने एकूण श्रमांपैकी ६० टक्के असे जमिनीखाली गेले. मुख्य चौकाच्या पोटातही निचऱ्यासाठी दगड-कपच्यांचा जाड थर सापडतो. या कपच्या आहेत दगड घडवताना उडालेल्या. घडाईचा कचरा चौकाखालीच वापरला, म्हणजे चिरे घडवणं आणि जमीन भरणं हे एकाच कामाचे भाग होते. आयत्या शहरात राहायला आलेल्यांना हे जमलं नसतं.

पिण्याच्या पाण्याची आखणीही आधीची. झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट हलक्या उताराने शहरात येतो आणि १६ कारंज्यांतून पायरीपायरीने उतरतो. पहिलं कारंजं राजनिवासाशेजारी, म्हणजे न उष्टावलेलं पाणी कुणाला, हे पाटाच्या उतारानेच ठरवलं. कारंज्यांची पातळी आधी धरल्याशिवाय जिने आणि घरं बसतच नाहीत.

चूकही झालेली दिसते. मुख्य मंदिराचा एक कोपरा खालची भर दबल्याने खचला आणि तिथले सांधे उघडले. पातं सोडा, तिथे हात जाईल.

‘१९११ पर्यंत अज्ञात’

अगुस्तीन लिसारागा या स्थानिक शेतकऱ्याने १९०२ मध्येच तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर आपलं नाव लिहिलं होतं. बिंगहॅमने ते स्वतः पाहिलं. त्याला वर नेणारा मेल्चोर आर्तेआगा स्थानिकच, आणि वर पोहोचल्यावर जी शेतकरी कुटुंबं भेटली ती इंकांच्याच टप्प्यांवर पिकं घेत होती.