इचिको आओबाला 'झोपेची गाणी' म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिच्या नवऱ्याने स्पीकरवर जपानी गायिका इचिको आओबाचा 'ल्युमिनेसेंट क्रीचर्स' हा अल्बम लावला आणि मला इतका आनंद झाला, म्हटलं चला, आपल्या ओळखीत कोणीतरी ऐकतंय हिला. तर तो म्हणतो, झोपेच्या प्लेलिस्टमध्ये सापडलं, स्पा म्युझिक आहे, बाळ पटकन झोपतं. आणि गाणं चालू असतानाच मिक्सर लावला. वर तिथेच बसलेला एक जण, स्वतःला तिचा जुना फॅन म्हणवणारा, तो म्हणाला की नुसती गिटार घेऊन गायची तेव्हा खरी होती, आता सगळं गुळगुळीत केलंय. लोकांच्या घरी वाद नको म्हणून गप्प बसले. इथे नाही बसणार.

ही बाई १७ व्या वर्षी क्लासिकल गिटार शिकायला लागली आणि २०१० मध्ये, १९ वर्षांची असताना पहिला अल्बम आला. नायलॉनच्या तारा आणि आवाज, बस. पुढची कितीतरी वर्षं तेच, आणि काय ताकदीचं तेच! रयुइची साकामोतो आणि हारुओमी होसोनोसारखे जपानी संगीतातले दिग्गज तिच्याबरोबर वाजवायला बसले, त्यात तबल्यावर युझान होता, आपल्या झाकीरभाईंकडे शिकलेला. म्हणजे तेवढ्यावर ती आयुष्यभर आरामात राहू शकली असती. पण २०२० मध्ये तिने स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं आणि 'विंडस्वेप्ट आदान' केला, न बनलेल्या सिनेमाचं संगीत असावं तसा. संगीतकार तारो उमेबायाशीबरोबर बसून तंतुवाद्यं, बासरी, पियानो सगळं गिटारीभोवती आणलं. (आदान म्हणजे आपल्या केवड्याच्याच कुळातलं झाड, जपानमधल्या ओकिनावाच्या किनाऱ्यांवर उगवणारं. मला हे कळलं तेव्हा उगाच जवळचं वाटलं.) आणि मग फेब्रुवारी २०२५ मध्ये हा 'ल्युमिनेसेंट क्रीचर्स'. मध्ये चार वर्षं! आजकाल लोक चार आठवड्यांनी सिंगल टाकतात.

या अल्बमचा जीव हातेरुमा बेटात आहे. जपानचं सगळ्यात दक्षिणेचं वस्तीचं बेट, माणसं पाचशेच्या आसपास. तिथल्या दीपगृहाचे अक्षांश-रेखांश हेच एका गाण्याचं नाव आहे, आणि ते गाणं बेटावरच्या लोकगीतावरून केलेलं आहे. आणखी एकाचं नाव 'ल्युसिफेरीन', म्हणजे समुद्रातल्या जिवांच्या अंगात उजेड पेटवणारं रसायन.

आणि हे ऐकलं की मला दरवेळी दापोलीकडची आत्या आठवते. लहान असताना थंडीत तिच्याकडे गेलो होतो, रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली चल, पाणी चमकतंय आज. मी हातात बॅटरी घेऊन पुळणीवर नुसती इकडे-तिकडे उजेड मारत होते आणि काहीच दिसत नव्हतं, लाट म्हणजे लाट. शेवटी आत्या वैतागली, "बॅटरी बंद कर बघू आधी!" बंद केली. थोडा वेळ मिट्ट काळोख आणि मग लाट फुटली ती निळी. पाय टाकला की पायाभोवती निळं. मी ओरडतच सुटले होते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की या अल्बमला बॅटरी बंद करावी लागते. मिक्सर बंद, फोन उलटा. 'कोलोराटुरा'ने सुरुवात होते, बासरी आणि तंतुवाद्यं एकदम पाणी भरावं तशी वर येतात, आणि तिचा आवाज त्यात बुडत नाही, तरंगतो. तिने आवाज चढवलेला नाही, पंधरा वर्षांपूर्वी जेवढ्या हळू गायची तेवढ्याच हळू गाते, बाकी सगळ्या वाद्यांना तिच्या पातळीवर खाली यावं लागलंय. याला गुळगुळीत म्हणायचं? अरे, 'फ्लॅग' ऐकलंस का तू नीट? त्यात आजही ती आणि गिटार, दुसरं कोणी नाही. काही सोडलेलं नाही तिने. आणि समजा सोडलं असतं, तरी तुझी परवानगी घ्यायची का? १९ वर्षांची मुलगी तुला आवडली म्हणून पस्तिशीतल्या बाईने तसंच राहायचं, हा हट्ट फक्त बायकांच्याच बाबतीत कसा काय सुचतो?

हो, मधले छोटे वाद्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात, पहिल्यांदा ऐकताना कुठलं कुठे संपलं कळत नाही, हे मान्य. जपानी मलाही येत नाही. आणि बाळ झोपत असेल तर झोपू दे बिचारं, त्याच्याशी माझं भांडण नाही, चांगल्या आवाजात झोपतंय.

राग मोठ्या माणसांवर आहे. हळू आवाजात कोणी काही बोललं की ते बॅकग्राउंड, असं आपण ठरवूनच टाकलंय. आत्याही अशीच हळू बोलायची, घरात कोणी तिचं पूर्ण वाक्य ऐकून घेत नसे, आणि समुद्र कधी चमकणार हे अख्ख्या घरात तिलाच कळायचं.

अकरा गाणी आहेत, सगळी मिळून एका जेवणापेक्षा कमी वेळ. क्रम बदलू नका, शफल तर अजिबात नको, शेवटच्या गाण्यापर्यंत जा. आणि पुढच्या अल्बमला तिने परत चार वर्षं घेतली तर घेऊ देत, मी थांबेन.