'केसरिया बालम' : स्वागताचं गाणं की वाट बघण्याचं?

नितीन जैसलमेर बघून आला तो खुशीत. ज्या हॉटेलात उतरला होता तिथे दारातच फेटा बांधलेला एक माणूस रावणहत्था हे गजानं वाजवायचं वाद्य घेऊन उभा असायचा आणि गाडीतून पाहुणा उतरला की 'केसरिया बालम, आवो नी, पधारो म्हारे देस' सुरू करायचा. नितीननं मोबाइलवर तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "किती प्रसन्न गाणं आहे बघा! आल्यागेल्याचं एवढं मनापासून स्वागत करणारं एखादं लोकगीत आपल्याकडे दाखवा मला."

वर्षानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "स्वागत? नितीन, अरे गाण्यातली ती बाई रडतेय."

मिरजेत गाण्यावरून भांडण व्हायला एवढं पुरतं. वर्षा शाळेतल्या मुलांना गाणं शिकवते. सलीमचं घराणं तंबोरे-सतारी बनवणारं, तो स्वतः जवारी लावतो, म्हणजे तारेचा झंकार जुळवतो, त्याच्या कानाला आम्ही सगळेच मानतो. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेत, रेडिओवर ऐकलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. नितीन बँकेत आहे, तरुण आहे आणि ऐकलेलं पटलं नाही तर तोंडावर सांगतो. मला यातलं ऐकण्यापलीकडे काही येत नाही, पण हे गाणं मी अनेक गळ्यांतून ऐकलंय आणि त्याबद्दल माझं मत आहे.

"रडतेय तर मग 'या, या' कशाला म्हणतेय?" नितीन म्हणाला.

"तिचा बालम, तिचा साजण आलेला नाही म्हणून. आलेल्या माणसाला 'ये' कोण म्हणतं?" वर्षा म्हणाली. "तू फक्त मुखडा ऐकलास. या गाण्याचं दुःख मुखड्यात नाहीच, ते दोह्यांत आहे. तुझ्या हॉटेलवाल्यानं एक तरी दोहा म्हटला का?"

म्हटला नव्हता. व्हिडिओत मुखडाच चार वेळा होता, मग पुढची गाडी आली.

हे गाणं मांडातलं, म्हणजे राजस्थानातल्या त्या नावाच्या गायकीतलं. ज्यांनी मांड नीट बसून ऐकलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुखडा ठेक्यात असतो. तो झाला की गाणारी थांबते, तबला मागे सरतो आणि ती एक दोहा मोकळा सोडते, तालाशिवाय, श्वास पुरेल तसा. मग कुठूनतरी अलगद 'केसरिया बालम'वर परत येते. दोहे ठरलेले नसतात. गाणारी आपल्या साठ्यातले, त्या दिवशी सुचतील ते घेते. त्यांतला एक वर्षानं तिथेच म्हणून दाखवला, त्याची दुसरी ओळ अशी : 'गिणतां गिणतां घिस गई म्हारी आंगळियां री रेख'. येतो म्हणून सांगून गेला, वचनं देऊन गेला, दिवस मोजता मोजता माझ्या बोटांवरच्या रेषा झिजल्या. दुसऱ्या एका दोह्यात ती साजणाचं नाव चुड्यावर लिहून घेते आणि घटकाघटकेला वाचत बसते. येशील तर केशरानं पाय धुईन, असंही एका ठिकाणी म्हणते. हे सगळं गाळून नुसतं 'पधारो' ठेवलं तर ते राजस्थानच्या पर्यटन खात्याचं ब्रीदवाक्य होतं, आणि तेच झालं. २०१६मध्ये सरकारनं ते बदलून दुसरं आणलं होतं, पण लोकांच्या तोंडी 'पधारो म्हारे देस'च राहिलं आणि पुढे तेच परत आलं.

नितीन ऐकणाऱ्यातला नाही. "बरं, दोह्यांचं मानलं. पण सूर? सूर तर आनंदाचेच आहेत ना? वर्षा, तूच मागे सांगितलं होतंस की मांड बिलावल थाटातला. सगळे शुद्ध स्वर. कोमल गंधार नाही, कोमल रिषभ नाही. मग दुःख येतं कुठून?"

प्रश्न चांगला होता. वर्षानं गाऊनच उत्तर दिलं. आधी सरळ सारेगमपधनीसा म्हटलं, मग मांडचा आरोह घेतला : सा ग रे म ग प म ध प नी ध सां. "बघ. एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. गंधारावर गेली की रिषभावर येते, मध्यमावर गेली की परत गंधार. दारापर्यंत जाऊन माघारी येणारी बाई आहे ही. स्वर शुद्धच आहेत, चाल वाकडी आहे."

सलीमला हे अर्धंच पटलं. "चाल वाकडी आहे म्हणून दुःख, असं म्हणशील तर जयदेवांचं 'तू चंदा मैं चाँदनी' पण मांडच आहे की. ते मीलनाचं गाणं आहे. सूर कुठलीही बाजू घेत नाहीत. दुःख येतं ते थांबण्यातनं. दोहा संपल्यावर मुखड्यावर यायच्या आधी किती वेळ थांबलं, तिथं सगळं आहे. घाईनं उचललास तर आनंदाचं, थांबलास तर विरहाचं."

मला सलीमचं म्हणणं जास्त पटतं, आणि अण्णांनाही ते पटलं, कारण त्यांनी लगेच अल्ला जिलाई बाईंचं नाव काढलं. ते निघणारच होतं.

अल्ला जिलाई बाई बिकानेरच्या. जन्म १९०२चा. लहान वयात महाराजा गंगासिंहांच्या दरबारात गाऊ लागल्या, उस्ताद हुसेन बक्षांकडे शिकल्या. महाराजा १९४३मध्ये गेले, पुढे संस्थानंही गेली, आणि दरबारातला हा आवाज रेडिओवरून लोकांकडे आला. १९८२मध्ये पद्मश्री मिळाली, १९९२मध्ये बाई गेल्या. आज 'केसरिया बालम' म्हटलं की जाणकार कानाला हात लावून पहिलं नाव घेतात ते त्यांचं.

अण्णांनी मोबाइल मध्ये ठेवला आणि लावलं. दोन मिनिटांत नितीन म्हणाला, "अण्णा, राग मानू नका, पण आवाज थकलेला आहे. आणि इतकं सावकाश! मला गाडी चालवताना हे ऐकवणार नाही."

"गाडी चालवताना ऐकायचं गाणंच नाही ते," अण्णा म्हणाले. "आणि थकलेला आवाज म्हणतोस? ज्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजल्यात तिचा आवाज कसा असायला हवा? वीस वर्षांच्या मुलीसारखा?"

इथे मी मध्ये पडलो, कारण माझ्या मते प्रश्न वयाचा नाही. आपल्यापर्यंत पोचलेल्या ध्वनिमुद्रणांत आवाज पिकलेला आहे हे खरं, पण ऐकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. बाई विनवणी करत नाहीत. 'आवो नी' हे शब्द त्या जवळपास बोलल्यासारखे टाकतात, त्यावर ना हरकत ना मुरकी, आणि सगळी कलाकुसर दोह्यासाठी राखून ठेवतात. बाकीचे बहुतेक गायक उलट करतात. 'पधारो'वर ताना घेतात, टाळ्या मिळवतात आणि दोहा उरकून टाकतात. बाईंच्या गाण्यात हाक साधी आहे, कारण ती रोज घातली जाते. रोज घातलेल्या हाकेला सजवत नाही कोणी. मी नितीनला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझं विवेचन गाण्यापेक्षा बरं आहे," आणि मला त्याचा राग आला. मी त्याला दोह्याचा तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायला लावला. तो गप्प ऐकत राहिला, पण मत बदललं नाही.

मग सलीमनं मेहदी हसन लावले आणि चर्चेला निराळंच वळण लागलं.

मेहदी हसन म्हणजे गझल, हे समीकरण इतकं पक्कं आहे की ते राजस्थानचे होते हे विसरायला होतं. झुंझुनू जिल्ह्यातल्या लूणा गावी १९२७मध्ये कलावंतांच्या घरात जन्म. फाळणी झाली तेव्हा वय विशीचं. कुटुंब पाकिस्तानात गेलं, तिकडे आधी सायकलच्या दुकानात आणि मग मोटारदुरुस्तीत दिवस काढले, गाण्याचं नाव पुढे झालं. २०१२मध्ये कराचीत वारले. आणि हा माणूस मैफलीत 'पधारो म्हारे देस' गातो.

वर्षाची तक्रार होती. "सुंदर गातात, त्यात वाद नाही. पण ही मांड राहत नाही. एकेक शब्द घेऊन बसतात, बढत करतात, ठुमरीसारखे बोल बनवतात. लोकगीताचं अंगण जातं आणि मैफलीचा गालिचा येतो."

"जाऊ दे की अंगण," सलीम म्हणाला. "वर्षा, 'म्हारे देस' म्हणताना त्यांचा देस कुठला? तू सांग."

कोणी बोललं नाही. सलीमच पुढे म्हणाला, "बिकानेरची बाई 'माझ्या देशी ये' म्हणते तेव्हा ती त्या देशात बसलेली आहे. गेलाय तो दुसरा. इथे गेलेलाच गातोय. जो गाव सोडून गेला, ज्याच्या येण्याची वाट बघायची, त्याच्याच तोंडी वाट बघणाऱ्याचे शब्द आलेत. 'माझ्या देशी ये' असं म्हणायला त्याच्याकडे तो देस उरलेला नाही. मला इथे मांड शुद्ध आहे की नाही याचं काही पडलेलं नाही."

मला वाटतं त्या संध्याकाळी कट्ट्यावर यापेक्षा मोलाचं कोणी काही बोललं नाही. हे मेहदी हसन यांच्या मनात होतं की नव्हतं, सांगता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. ऐकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट गाण्यात उतरतेच. पण वर्षाचा मुद्दाही मी सोडत नाही. गायकाचं चरित्र माहीत नसलेल्या माणसाला तेच ध्वनिमुद्रण ऐकवलं तर त्याला एक देखणी, संथ ठुमरी ऐकू येईल. बाईंचा दोहा मात्र काही माहीत नसतानाही टोचतो.

लताबाईंचा विषय लवकर आटोपला, कारण त्यावर फारसं दुमत नव्हतं. 'लेकिन'मधलं 'केसरिया बालमा' हे ते पारंपरिक गाणं नव्हेच. शब्द गुलजारांचे, चाल हृदयनाथांची, उचल तेवढी मांडातली. पण टागोरांच्या कथेवरच्या त्या चित्रपटात वाळवंट ओलांडायची वाट बघत अडकून पडलेला एक आत्मा आहे, आणि त्या बाईच्या तोंडी 'केसरिया बालमा' देताना या मंडळींना मूळ गाण्याचं दुःख नेमकं कळलेलं होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. अण्णा एवढंच म्हणाले की स्वर इतका निर्दोष आहे की त्यात वाळू नाही. वर्षाला ते मुळीच आवडलं नाही.

नितीनला आता त्याचा हुकमी पत्ता मिळाला होता. "तुम्ही सगळे दरबार, रेडिओ, सिनेमा यांच्याबद्दल बोलताय. गाणं ज्यांच्या मातीतलं, त्यांना विचारा ना. मामे खान ऐका. जैसलमेरच्या बाजूचा मांगणियार आहे, तो तर जोशात गातो. खडताल, त्या लाकडी पट्ट्या, वाजायला लागली की लोक नाचतात. तो चुकतोय म्हणायचं?"

मांगणियार आणि लंगा या पिढीजात गवयांच्या जमाती. धर्मानं मुसलमान, आणि मांगणियारांचे बरेचसे यजमान रजपूत. यजमानाकडे बाळ जन्मलं, लग्न निघालं, कोणी गेलं, की हे गाणार. कोमल कोठारींनी विजयदान देथांबरोबर १९६०मध्ये बोरुंद्यात रूपायन संस्थान काढलं, गावोगाव फिरून ही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि या गवयांना देशोदेशीच्या मंचावर नेलं. त्याआधी बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता.

"चुकत नाही," वर्षा म्हणाली, "पण त्यांच्याकडे शेकडो गाणी असताना आपण परत परत हेच मागतो आणि जलदच मागतो. मग ते जलद गातात."

सलीमचं लक्ष वाद्याकडे. "मांगणियाराचं गाणं ऐकायचं तर त्यांचा कमायचा ऐक. लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या, खाली पोलादी तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. गज फिरला की आतड्याची तार जाड, खरखरीत बोलते आणि तरफा मागनं गुणगुणत राहतात. सिंथेसायझरवर ते येत नाही. मंचावर नुसती ढोलक आणि खडताल पुढे आणली की कमायचा दबतो, आणि त्याच्याबरोबर गाण्याचा खालचा थर जातो. साकर खाँचा कमायचा ऐक एकदा नुसता, गाण्याशिवाय."

अण्णांना पुरुषांनी हे गाणं गावं हेच फारसं मान्य नव्हतं. बाईचं दुःख बाईच्याच गळ्यात, असं त्यांचं म्हणणं. इथे मात्र मी नितीनच्या बाजूनं बोललो. लोक हे गाणं ज्या ढोला-मारूच्या कथेशी जोडतात ती आठवा. पुगळची मारू आणि नरवरचा ढोला, लहानपणी लग्न लागलेलं. ढोला मोठा झाला, दुसरं लग्न करून बसला. मारूनं धाडलेले निरोप सवत मधल्यामध्ये अडवायची. शेवटी मारूनं गाणारे पाठवले, ढाढी जमातीचे. त्यांनी ढोल्याच्या वाड्याजवळ रात्री तिचे दोहे गायले आणि तो जागा झाला. म्हणजे बाईचं दुःख पेशेवर गवयानं दुसऱ्याच्या दारात नेऊन गाणं ही रीत त्या कथेतच आहे. मांगणियार परका नाही, तो निरोप्या आहे. फक्त निरोप पूर्ण पोचवायला हवा. दोहा गाळला तर निरोपच पोचवायचा राहिला.

"तेच म्हणतोय मी," नितीन म्हणाला. "आणि निरोप्याला पोट आहे. माझ्या हॉटेलच्या दारातल्या त्या माणसाला मी विचारलं होतं. आजोबांना यजमान धान्य, जनावर द्यायचे. आता यजमानांची पोरं जयपूर-मुंबईला. हॉटेल महिन्याला पगार देतं. त्यानं पाहुणा गाडीतून उतरेपर्यंतच्या वेळात अख्खा दोहा आळवायचा म्हणता? मॅनेजर ठेवील का त्याला?"

याला वर्षाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. ती एवढंच म्हणाली, "मग संध्याकाळी त्याला बसवून घ्यायचं, वेळ द्यायचा, पैसे द्यायचे आणि सांगायचं, दोह्यांसकट ऐकव. आपण मागितलं तर तो गाईल. त्याला येत नसेल असं समजू नकोस."

नितीन म्हणाला की पुढच्या खेपेला विचारीन, पण बाईंचं गाणं गाडीत लावणार नाही ते नाहीच.

अण्णा उठता उठता म्हणाले, "तुमच्यापैकी एकानं तरी जोधपूरच्या गवरीदेवींची मांड ऐकलीय का? उदयपूरच्या मांगीबाईंची? नाही ना? मग अर्धंच ऐकून भांडताय. उद्या घेऊन येतो."