बर्फ सड्याखालचा आणि ध्रुवावरचा

वास्कोच्या खारीवाड्यावर काकीने इसवण (सुरमई) कापता कापता सांगितलं, "बर्फ आसा मेरेन नुस्तें ताजें. तो सोंपलो काय बेगीन इबाडटा." म्हणजे बर्फ आहे तोवर मासे ताजे, तो संपला की लगेच नासतात. थर्माकोलच्या पेटीतलं हे विज्ञान ज्याला कळलं त्याला आर्क्टिकचं दुखणंही कळेल.

उत्तर ध्रुवाजवळचा समुद्र दर सप्टेंबरात सर्वांत उघडा पडतो. ऐंशीच्या दशकात तेव्हासुद्धा सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ शिल्लक राहायचा. २०१२ मध्ये उरला जेमतेम ३४ लाख. म्हणजे मधल्या काळात जो तुकडा गेला, तो अख्ख्या भारतापेक्षा मोठा!

आता "आर्क्टिकचा बर्फ वितळला की पणजी बुडणार" असे व्हिडिओ फिरवणाऱ्यांनो, जरा थांबा. हा बर्फ तरंगता आहे, तो वितळून समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. ती भीती ग्रीनलंडच्या जमिनीवरच्या बर्फाची. इथली गोष्ट उन्हाची आहे. बर्फाने झाकलेला पांढरा समुद्र बहुतेक ऊन परत फेकतो, काळं पाणी ते जवळजवळ सगळं गिळतं. पाणी तापलं की आणखी बर्फ जातो, आणि मग आणखी काळं पाणी. आर्क्टिक बाकीच्या जगाच्या कितीतरी पट वेगाने तापतोय, त्याचं हे एक मोठं कारण.

आपल्या वास्कोत, सड्यावर म्हणजे पठारावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. किती वास्कोकरांना ठाऊक आहे, देव जाणे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं 'हिमाद्री' हे भारताचं ठाणं २००८ पासून हेच केंद्र सांभाळतं. इथल्याच शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक संबंध मांडला: उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला बर्फ फार घटला, की युरोपवर हवेचा दाब वाढतो, तिथून वाऱ्यांच्या लाटा आशियाकडे येतात आणि सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. त्याला तापलेल्या अरबी समुद्राची बाष्पाची रसद असतेच.

अभ्यास मध्य भारताचा आहे, गोव्याचा नव्हे. त्यामुळे चवथीनंतरच्या पावसात मामाचं खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं) भात आडवं झालं, त्याचं खापर मी कारा समुद्रावर फोडणार नाही. तरी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या दर्याचें हांगा कितें?" त्या समुद्राचं इथे काय?

नकाशा दाखवायला मी मोबाईल काढला. तोवर तो बांधावरून मानशीकडे, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराकडे, निघालाही होता. भरतीची वेळ झाली होती.