कूलर घ्यायच्या आधी वर बघा

फेब्रुवारी सरला की आपल्याकडे विदर्भात कूलरच्या ताट्या बदलायची लगबग सुरू होते. ज्याच्याकडे कूलर नाही, तो हप्त्यानं घेतो. माझं म्हणणं एवढंच की घरकुलातल्या माणसानं पहिला पैसा छतावर घालावा, दुसरा पंख्यावर आणि उरला तर कूलरवर. छताचा पैसा तर त्याच्या खिशातून जायलाच नको.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २७० चौरस फुटांचं. एवढ्यात स्लॅब पडला तरी खूप झालं. त्यावर ना वॉटरप्रूफिंग, ना रंग. तो उघडा काळपट स्लॅब दिवसभर तापतो आणि आतली उष्णता खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून रात्री दहालाही पंखा गरम हवाच खाली ढकलतो. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. म्हातारी माणसं आणि बाळंतिणी यांचे हाल त्यामुळंच होतात.

स्लॅबवर चुना मारा. २७० फुटांना दहा किलो कळीचा चुना, किलोभर पांढरं सिमेंट आणि रंगात घालतात तो अर्धा किलो फेविकॉल पुरतो. पाच-सातशे रुपयांचं काम आहे. चुना आदल्या रात्री लोखंडी ड्रममध्ये भिजवा. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पोरं लांब ठेवा. सकाळी फडक्यातून गाळून घ्या, फेविकॉल आणि सिमेंट लावायच्या वेळीच मिसळा.

स्लॅब झाडून, शेवाळ खरवडून, भेगा बुजवून धुवा आणि ओला असतानाच पहिला हात मारा. तो वाळला की दुसरा आडवा. बहुतेक जण इथंच फसतात : भर दुपारी तापल्या स्लॅबवर चुना मारतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना घट्ट होतो आणि त्याला ओल लागते. ओल लगेच उडाली तर त्याची भुकटी होते, मग पाय ठेवला की पायाला चिकटून खाली येते. म्हणून संध्याकाळी मारा आणि पुढचे दोन दिवस हलकं पाणी शिंपडा. खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडतो. पावसात बराच धुऊन जातो, दरवर्षी करावं लागतं.

टिनाच्या छतावर मात्र चुना नको. तो पापुद्रे होऊन सुटतो आणि जस्ताचा थर खातो. नवं चकचकीत टिन ऊन परतवतं, पण स्वतःची उष्णता बाहेर टाकत नाही, म्हणून तेही भाजतं. त्याला गंज घासून पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा. तो परवडत नसेल तर टिनाखाली चार-सहा इंच अंतर सोडून बांबूची तट्टी बांधा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. टिनावर पराट्या-तुराट्या रचू नका. आगीची भीती, शिवाय विंचू.

आता पंखा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १६ तास चालणारे दोन जुने पंखे महिन्याला ७२ युनिट, नवे २९. महावितरणचा १०१ व्या युनिटपासूनचा दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणजे वाचलेली ४३ युनिटं बहुधा महागाचीच. पण बीएलडीसीला एकदम अडीच-तीन हजार मोजावे लागतात, म्हणून मजूर माणूस रिवाइंड केलेला जुना पंखा आणतो आणि बिलातून फरक भरत राहतो. चंद्रपूरचं वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचं, राख आणि धूर आपल्याकडे. तो त्रास सोसणाऱ्या माणसाला निदान अडीच हजारांचा पंखा तरी हप्त्यानं द्या! तोवर जुना पंखा मंद फिरत असेल तर आधी कपॅसिटर बदला, पन्नासेक रुपयांत काम होतं.

एक सांगून ठेवतो. चाळिशीच्या वर पारा गेला की नुसता पंखा म्हाताऱ्या माणसाला वाचवत नाही, गरम कोरडी हवा अंगातलं पाणीच ओढते. अंगावर ओलं फडकं टाकून मग पंखा लावा. माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट न पाहता गार पाणी ओतायला सुरुवात करा.

कूलर घेतलाच तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि गारवा संपतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या पत्र्यालाही महिनोन्महिने चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. आणि शॉक : एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारी कळ, माणसाला वाचवत नाही. ती काही अँपिअरला पडते, माणूस ५० मिलीअँपिअरलाही मरू शकतो. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारी कळ, बसवा, तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग ठेवा, आणि पाणी भरताना बटण नाही, प्लग काढा.

घरकुलाचा हप्ता सोडताना स्लॅबचा फोटो लागतो. त्याच फोटोत पांढरा स्लॅब मागायला काय हरकत आहे? तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. आपल्याकडे ऊन काय कमी आहे? गावातल्या पन्नास घरकुलांना चुना मारायला साहित्याचे तीस-पस्तीस हजार पुरतात. तो खर्च ग्रामपंचायतीनं करावा, असा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्यायचा. १ मेला मांडला तर मंजुरी येईपर्यंत मृग लागलेला असतो.